दगूबाईंना लोणखेड्याला पोचवायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. उद्या मला कापणार आहेत, म्हणून आजच्या दिवसापुरतं तरी मला असं म्हणता येतं. माझी चारही चाकं काढून झाली आहेत, इंजीन गेलं आहे, पुढच्या दिव्यांच्या जागी दोन भोकं राहिली आहेत. धानोऱ्याहून नंदुरबारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दलसिंग नावाच्या माणसाचा भंगारवाडा आहे. तिथे सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर मी उभी आहे. माझी गोष्ट सांगायला एवढा वेळ पुरेसा आहे. माझी म्हणजे माझे मालक दोधूआप्पा यांची. बावीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून काढली, त्यामुळे एकाची सांगितली की दुसऱ्याची आपोआप होते.

मी सरकत्या दाराची पांढरी व्हॅन. दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा पत्रा वाकवला, जोडला, रंगवला. मग एका लांबलचक ट्रकवर चढून मी धुळ्याला आले. तिथे काचेच्या खोलीत आठ दिवस उभी होते. नवव्या दिवशी दोधूआप्पा आणि त्यांची बायको दगूबाई आले. आप्पा तेव्हा नंदुरबारच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुण्याची सवय लागलेला माणूस. त्यांनी माझ्या काचेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली आणि खिशातून रुमाल काढला. पैसे भरण्याआधीच मला पुसून काढणारं गिऱ्हाईक त्या दुकानाने पाहिलं नव्हतं. दगूबाई मात्र सरळ पुढचं डावं दार उघडून आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “चाला मंग.”

ती जागा त्यांची झाली ती कायमची.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! मिरचीची रोपं वाहिली, पपईचे क्रेट वाहिले. गल्लीतली कुणी बाई बाळंतपणात अडली की आप्पा सरकतं दार उघडून उभे राहायचे. त्यांचा मुलगा भूपेंद्र माझ्यावरच गाडी शिकला आणि शिकताना त्याने माझा मागचा बंपर गोठ्याच्या भिंतीला दोनदा घासला. त्याची बायको रुपा लग्न होऊन माझ्यातूनच धानोऱ्याला आली. पण माझा खरा मान आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. दगूबाईंचं माहेर लोणखेडं, शहाद्याला लागून. आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा मला तीन पाण्यांनी धुवायचे. मग आम्ही निघायचो. नंदुरबार मागे टाकलं की कोळदं गाव, मग प्रकाशा गावचा पूल, खाली तापी. पुलावर दगूबाई हात जोडायच्या आणि पूल संपला की त्यांच्या तोंडाची जी टकळी सुरू व्हायची ती लोणखेड्याच्या अंगणात त्यांची आई पुढे येईपर्यंत थांबायची नाही.

पुढे ती आई गेली. भावांनी घर विकलं. भूपेंद्रला नंदुरबारला नोकरी लागली आणि त्याने करड्या रंगाची नवी गाडी घेतली. मला गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली जागा मिळाली. चिमण्यांनी माझ्या आरशामागे काड्या आणल्या. घरातले लोक माझ्यावर तुरीच्या गोण्या ठेवू लागले. आप्पा तेवढे रोज सकाळी यायचे, गोण्या उतरवायचे, मला पाच मिनिटं सुरू ठेवायचे आणि परत ताडपत्री घालायचे. गाडीची तब्येत बिघडू नये म्हणून.

तब्येत बिघडली ती दगूबाईंची. आधी त्या भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या. मग पिठाच्या गिरणीवरून घरी यायचा रस्ता चुकला, जिथे त्या पन्नास वर्षं जात होत्या. आणि मग एका दुपारी पिशवी घेऊन त्या छपरात आल्या, माझी ताडपत्री ओढू लागल्या. आप्पा धावत आले.

“चाला ना,” दगूबाई म्हणाल्या, “आखाजी ई गयी. माय वाट दखी ऱ्हायनी.”

“दगू, तुन्ही माय मरी गयी. दहा वरीस व्हयनात.”

मित्रांनो, मी त्या बाईचा चेहरा पाहिला. त्यांना ती बातमी तेव्हाच कळत होती. त्या माझ्या दाराला धरून खाली बसल्या आणि आई गेल्यावर लेक रडते तशा रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन आल्या. आप्पांनी पुन्हा खरं सांगितलं. त्या पुन्हा तशाच रडल्या. एकच मरण त्यांना रोज नव्याने कळत होतं. पाचव्या दिवशी आप्पांनी सांगणं सोडलं. त्यांनी ताडपत्री काढली, डावं दार उघडलं आणि म्हणाले, “चाल. जाऊ.”

तेव्हापासून रोज दुपारी चारला आम्ही लोणखेड्याला निघायचो. आप्पा हळूहळू चालवायचे. दोन-तीन किलोमीटर गेलं की दगूबाईंचा डोळा लागायचा. मग आप्पा मला अलगद वळवायचे आणि घरी आणायचे. त्या जाग्या व्हायच्या, निमूट चहा प्यायच्या, रात्रीची भाकरी खायच्या. एकदा आप्पांनी खरोखरच लोणखेड्यापर्यंत नेलं. जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती. “हाई नही, हाई नही,” म्हणत त्यांनी दाराची मूठ इतकी घट्ट धरली की बोटं सोडवावी लागली. पुन्हा आप्पा तिकडे गेले नाहीत. अर्ध्या वाटेवरची झोप हाच आमचा मुक्काम होता आणि दोन वर्षं तो पुरला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंना अंधार असायचा. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. ते आप्पांनी घरात सांगितलं नाही. मला कळत होतं. आरशात बघताना ते सबंध मान वळवायचे. पण मी काय करणार? यंदाच्या होळीनंतर एका दुपारी शेताच्या बांधावरून एक शाळेतली मुलगी सायकल घेऊन रस्त्यावर आली. बाजूने आली. आप्पांना ती दिसली तेव्हा ती माझ्या नाकासमोर होती. त्यांनी ब्रेक दाबला, चाक फिरवलं, आणि मी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन आदळले. मुलीचा गुडघा सोलवटला. दगूबाईंच्या कपाळाला चार टाके पडले.

भूपेंद्रने त्या संध्याकाळी आवाज चढवला नाही. तो छपरात माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पा, आज ती पोर वाची गयी. रोज नही वाचाव. गाडी विकनी पडी.”

“मंग तुन्ही मायले कसामा बसाडू?”

“मन्ही गाडी शे ना.”

“तुन्ही गाडीमा ती बठस नही.”

“सवय व्हई जाई.”

आप्पांनी एक शेवटचा प्रयत्न केला. शहाद्याचा मेकॅनिक तौहिद माझ्या पोटाखाली काम शिकत लहानाचा मोठा झालेला. त्याला त्यांनी बोलावलं. भूपेंद्रने चालवावी, पण गाडी राहू द्यावी, असा त्यांचा विचार होता. माझ्या कागदांची मुदतही संपत आली होती. तौहिद माझ्याखाली पाठीवर झोपला, पेचकस हळूच टोचला, तो पत्र्यातून आरपार गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याचे केस गंजाने लाल झाले होते.

“आप्पा, खालना पत्रा पुरा सडी ग्या. पासिंग नही व्हवाव,” तो म्हणाला. “तुमनासंगे मी खोटं नही बोलाव. हाई गाडीमा मी मन्ही मायले बसाडतू नही.”

आप्पांनी किल्ली भूपेंद्रच्या हातावर ठेवली. दगूबाई दुपारच्या झोपेत असताना मला घराबाहेर काढलं, म्हणजे त्यांना दिसू नये. वळणावर मला आप्पा दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मोकळ्या छपराकडे तोंड करून उभे होते.

भंगारवाड्यातले पहिले दोन दिवस मी वाट पाहिली. चार वाजले की माझं लक्ष रस्त्याकडे जायचं. तिसऱ्या दिवशी तळोद्याचा एक माणूस आला आणि माझं इंजीन घेऊन गेला. चाकंही गेली. चौथ्या दिवशी, म्हणजे काल, ऊन चढायच्या आत आप्पा आले. एसटीतून उतरले आणि फाटकाच्या खांबाला खांदा धडकवत आत शिरले. बाजूचा खांब त्यांना दिसलाच नाही.

“दलसिंगभाऊ, मन्ही गाडी माले परत दे.”

दलसिंग खुर्चीवरून उठला. “आप्पा, कितला उशीर कया! इंजीन कालदिन गयं. चाकं बी गयात. आते हाई निस्ता डबा शे.”

“ती चार दिनपासून जेवनी नही.”

“कोन?”

“मन्ही घरवाली. रोज फाटकपाशी उभी ऱ्हास. पोऱ्यानी गाडी आनी तर तिनी दगडच उचला. पानी बी थुकी देस. डॉक्टर म्हनस, असं चालनं तर दोन-तीन दिन.” त्यांनी माझ्या डाव्या दारावर हात ठेवला. “काही तरी कर भाऊ. दुसरं इंजीन टाक. दोर बांधीसन वढत ली जासू. पन हिले कापू नको.”

दलसिंग वाईट माणूस नाही. तो खाली वाकला, माझ्या पोटाकडे बघितलं आणि नुसतीच मान हलवली. खालचा पत्रा असा गेला होता की मला ओढलं असतं तर मी रस्त्यावर सांडत गेले असते.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. रुपाचा आवाज मलाही ऐकू आला, इतकी ती ओरडत होती. “आप्पा, आई घरमा नही! मी न्हानीमा व्हतू. दार उघडं शे, पिशवी बी नही!”

मित्रांनो, असहाय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी मोटार होते. माणसं शोधायला निघायचं ते माझं काम होतं. आणि मी चार ठोकळ्यांवर उभी होते. आप्पा रस्त्यावर धावले. एक ट्रक त्यांच्या सदऱ्याला वारा देऊन गेला, तो त्यांना दिसला नाही. दलसिंगने त्यांना कोपराला धरून मागे ओढलं. ते दोन्ही हात तोंडाभोवती धरून, धानोऱ्याच्या दिशेला तोंड करून हाका मारू लागले, “दगू! दगू ओ!” सहा किलोमीटरवरून कुणाला ऐकू येणार? पण ते हाका मारत राहिले. घसा बसला तेव्हा नुसतेच ओठ हलत राहिले.

पाऊण तासाने पुन्हा फोन आला.

“सापडन्यात,” रुपा म्हणाली. तिला धाप लागली होती. “नंदुरबारना रस्ताले लागेल शेतस. पन गाडीमा बठतस नही. हात लावा तर मारतस. म्हनतस, मी लोणखेडाले जाई ऱ्हायनू.”

“याच रस्ताले ना?”

“हा आप्पा.”

“मंग अडावू नको. येऊ दे. मी भंगारवाडापाशी शे.”

फोन खिशात टाकून आप्पा माझ्याकडे वळले. त्यांनी दलसिंगकडे बादली मागितली. मग त्यांनी मला धुतलं. तेलाचे ओघळ धुतले, चिमण्यांची घाण खरवडली, डावं दार आतून-बाहेरून पुसलं, चारीत आदळताना फुटलेल्या काचेचे सीटवरचे तुकडे एकेक करून वेचले. दिव्यांच्या भोकांत दलसिंगने कागदाचे बोळे कोंबले. एवढ्यासाठी त्याने दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं.

त्या आल्या तेव्हा दोन वाजले असतील. चैत्रातलं ऊन होतं आणि डांबर चिकट झालं होतं. पुढे दगूबाई होत्या, मांडीवर घ्यायची ती पिशवी छातीशी धरलेली. शेजारी रुपा. दगूबाईंच्या पायात रुपाच्या चपला होत्या आणि रुपा अनवाणी होती. मागे माणसाच्या चालीने भूपेंद्रची करडी गाडी येत होती. दगूबाईंचे ओठ फुटले होते. त्या फाटकापुढून निघूनच जात होत्या. मग थांबल्या. वळल्या. आत आल्या आणि माझ्या दारावरून हात फिरवला.

“कठे व्हती वं तू इतला दिन?” त्यांनी मला विचारलं.

मित्रांनो, मला उत्तर देता आलं असतं तर!

आप्पांनी दार उघडलं. त्या आपल्या जागेवर बसल्या. माझ्या जातीच्या गाडीचं इंजीन पुढच्या सीटखालीच असतं. ती सीट नेहमी कोमट असायची. दगूबाईंनी तळहाताने ती चाचपली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. आप्पा घाईघाईने पलीकडून चालकाच्या जागेवर बसले. रुपा मागे बसली.

“चाला ना,” दगूबाई म्हणाल्या.

आप्पांनी नसलेल्या इंजिनाची किल्ली फिरवल्यासारखं केलं. काहीच झालं नाही. काय होणार होतं?

“सुरू काब्र नही व्हस?” दगूबाईंचा आवाज चढला. त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. “माले जावानं शे! माय वाट दखी ऱ्हायनी!”

आप्पांनी डोळे मिटले. आणि मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. घुर्रर्र. लहान मुलं रिकामं टायर पळवताना काढतात तसा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बसलेल्या घशातून. पहिल्यांदा तो लाजल्यासारखा निघाला, मग मोठा झाला. त्याच वेळी मी हलले. भूपेंद्र माझ्या मागे गेला होता. ज्याने मला विकलं त्यानेच माझ्या पाठीला खांदा लावला होता आणि तो मला हलवत होता. दलसिंगही गेला. ठोकळ्यांवर मी डुलू लागले, खडी असलेल्या रस्त्यावर डुलायची तशी.

दगूबाईंची मूठ सैल झाली. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर गंजलेले पंखे, सायकली आणि पत्र्यांचे ढीग होते.

“कोळदं गयं,” त्या म्हणाल्या.

रुपाने करड्या गाडीतून आणलेला डबा उघडला. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढे केला. दगूबाईंनी तो खिडकीबाहेर बघता बघता खाल्ला. मग दुसरा. आप्पा तोंडाने इंजीन चालवत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज त्यांनी तुटू दिला नाही. घास गिळला की गिअर बदलायचा. चढ आला की जोर लावायचा. भूपेंद्रच्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती.

“प्रकाशं उनं. तापीमाय.” दगूबाईंनी हात जोडले.

या वेळी त्यांना झोप लागली नाही. डबा संपला. आणि थोड्या वेळाने त्या सरळ होऊन बसल्या. “थांबाडा. लोणखेडं उनं.”

आप्पा थांबले. मी थांबले. दगूबाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि उतरण्याआधी आप्पांकडे वळल्या. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं माणूस दयाळू परक्याकडे पाहतं.

“ड्रायव्हर भाऊ, तुमना लई उपकार व्हयनात. धानोराले गयात तर मन्हा मालकले सांगज्यात, दगू सुखरूप पोचनी. त्या लई काळजी करतस मन्ही.”

आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते म्हणाले, “सांगसू, बाई.”

दार उघडून रुपा बाहेर उभी होती. दगूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. “माय!”

रुपाने हात पसरले. “ये बेटा. कितला उशीर कया! ऊन लागनं व्हई. चाल, घर पुढे शे.” आईचा हात धरलेल्या लेकीला कुठल्याही गाडीत बसायला भीती वाटत नाही. दगूबाई करड्या गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी रुपाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आप्पा माझ्यातून उठले नाहीत. भूपेंद्र खिडकीपाशी आला. त्याचे तळहात माझ्या गंजाने लाल झाले होते.

“आप्पा, मी विकाले नको व्हती.”

“नही रे. ती सायकलवाली पोर वाचनी ना. तुन्हं बरोबर शे.” आप्पांनी स्टिअरिंगवरून हात काढले. “पन तिनी माले निरोप देयेल शे. मालकले सांगानं शे. आते तो मी कोनले देऊ, भूपेंद्र?”

भूपेंद्र माझ्या दाराला पाठ लावून मातीत बसला. मग करड्या गाडीतून रुपाची हाक आली. तिचा आवाज चिरकत होता, पण शब्द तिने नीट उच्चारले.

“ओ ड्रायव्हर भाऊ! मन्ही पोर म्हनस, लांबथून उनात. चहा पीसन जाज्यात.”

आप्पा उतरले. त्यांनी माझं दार लावलं, एकदा ओढून नीट लागलं का पाहिलं, आणि भूपेंद्रच्या खांद्याला धरून, आपल्याच घरी पाहुणे म्हणून चहाला गेले.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारत असेल, तर ती हाक दुरुस्त करू नका. ओ द्या. घटकाभर त्या नावाचं माणूस व्हा. आणि त्याच घरात आणखी एक जण असेल, ज्याला आता कुणीच त्याच्या नावाने हाक मारत नाही. तो दाराजवळ बसलेला असेल, चहाचा कप हातात धरून, चहा गार होऊ देत. त्याच्याशेजारी जाऊन बसा. आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.